आंघोळीचा रकाना

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात गौसभाई बॉयलरवर होते. सरकारी परीक्षा पास होऊन बॉयलर अटेंडंट झालेले, सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीला लावलेलं. पण त्या सर्टिफिकेटाचं कौतुक कुणाला? कारखान्यात सगळे त्यांना ओळखायचे ते नळामुळं. "कुठले गौसभाई?" असं नव्या माणसानं विचारलं तर "अरे, नळवाले!" एवढं उत्तर पुरायचं.

हा नळ बॉयलरच्या मागच्या अंगाला होता. त्याची कुंडली आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. टॉवेल रंगवायचे तर पाणी उकळतं लागतं, आणि ते उकळायला वाफ लागते. बॉयलरमध्ये कोळसा जळतो, वाफ पाइपातून रंगखात्यात जाते, रंगाच्या टाक्यांना बाहेरून ऊब देते आणि स्वतः थंडावून पाणी होऊन माघारी येते. हे पाणी म्हणजे अगदी स्वच्छ, आणि हात घातला तर चटका बसेल इतकं कढत. ते पुन्हा बॉयलरच्या टाकीत सोडायचं असतं, म्हणजे कोळसा कमी लागतो. पण फार वर्षांखाली कुण्या फिटरनं त्या माघारी येणाऱ्या लाइनीला फाटा काढून एक नळ बसवला, आणि गौसभाईंनी पदरमोड करून त्याच्यापुढं शहाबादी फरशीचे दोन आडोसे उभे केले. वर पत्रा, पुढं गोणपाटाचा पडदा. झालं न्हाणीघर तयार.

संध्याकाळचा सायरन झाला की तिथं जत्रा भरायची. मागावरची माणसं यायची ती कापसाच्या तुसानं पांढरी होऊन, पंचविशीतल्या पोरांच्या भुवयासुद्धा पिकलेल्या. रंगखात्यातली यायची ती कोपरापर्यंत निळी, नाहीतर लाल. बादल्या आपटायच्या, साबण घसरून गटारीत जायचा, आणि आत कुणी जास्त वेळ लावला की बाहेरून आरडाओरडा सुरू व्हायचा. "अय, किती येळ? लगीन हाय का तुझं आज?" गौसभाई नळाशी स्टूल टाकून बसायचे. कढत किती, गार किती, ते त्यांच्या हुकमानं चालायचं. नव्या माणसानं घाईनं तांब्या डोक्यावर ओतायला घेतला की ओरडायचे, "आरं थांब की! सोलून निघशील!" सगळ्यांच्या आंघोळी होऊन भांग पडले की कंपनीची बस सुटायची. बससुद्धा आंघोळीसाठी सायरननंतर अर्धा तास थांबायची, इतका तो रिवाज मुरलेला होता.

बायका तिथं आंघोळीला यायच्या नाहीत, पण डबे भरून न्यायच्या. घडीखात्यातली नागव्वा तर त्या बाबतीत मुखत्यार होती. पलीकडच्या वस्तीत कुणी बाळंत झाली की सव्वा महिना रोज सकाळी दोन डबे पाणी तिकडं गेलंच पाहिजे, असा तिचा दंडक. "गौसभाई, पोरगी झाली बघा, तुमच्या पाण्याची," असं ती सांगायची, आणि गौसभाईंना आपणच आजा झाल्यासारखं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासासाठी गौसभाई जगत होते. असं म्हणायला बरं वाटत नाही, पण होतं तसंच. सुगराबी, त्यांची बायको, तीन वर्षांखाली गेली. एकुलती पोर नाजनीन नवऱ्याबरोबर शारजाला. कोंडी गावच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर, त्याचं कुलूप काढायचं, दिवा लावायचा, सकाळची भाजी गरम करायची आणि ताटापुढं एकट्यानं बसायचं. रविवारी नाजनीनचा फोन यायचा. "अब्बा, खाना खाए? गोली लिए?" एवढं विचारून होतंय तोवर मागं तिची पोरं भांडायला लागायची आणि "रखती हूँ अब्बा" म्हणून ती फोन ठेवायची. पोरीचा काही दोष नाही, तिच्या संसाराचा तिला व्याप. पण फोन ठेवल्यावर घर आणखीच खायला उठायचं, आणि गौसभाई टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचे. म्हणून दुसऱ्या पाळीचा माणूस बॉयलरवर येऊन उभा राहिला तरी हे नळापासून हलायचे नाहीत. बस दिसेनाशी झाली की मग सायकल काढायची.

श्रावणात एके दिवशी शिवप्पा बातमी घेऊन आला. शिवप्पा म्हणजे मागांवरचा जॉबर, मुकादमच म्हणा, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. गौसभाईंना तो 'गौसण्णा' म्हणायचा, आणि आंघोळीचा पहिला नंबर त्याचा असायचा.

"गौसण्णा, ऐकलं का? जर्मनीचं गिऱ्हाईक म्हणतंय, टॉवेलात धूर किती हाय ते लिहून द्या. न्हायतर आर्डर बंद."

"टॉवेलात धूर? वास येतोय का काय?"

"वासाचा न्हाय ओ. हिशोबातला धूर. एक टॉवेल करायला किती कोळसा जळला, किती लाइट जळली, त्येचा. पुण्यास्नं कुणी मॅडम येणार हाय मोजायला. आठवडाभर हितंच बसणार म्हणे."

गौसभाई हसले. धूर मोजणार म्हणे! धूर काय रवा आहे का तराजूत घालायला? पण दुपारी स्टोअरकीपर चहाला आला आणि त्यानं पुढचं सांगितलं. या मोजणाऱ्या लोकांची नजर फार वाईट, म्हणाला. दुसऱ्या एका कारखान्यात येऊन त्यांनी सगळ्या पाइपांना हात लावून बघितला, जिथं जिथं वाफ नाहीतर गरम पाणी वाया जात होतं ते ते सगळं बंद करायला लावलं. "तुमच्या नळाचं काय खरं नाही, गौसभाई," असं म्हणून तो बशीतला चहा संपवून निघून गेला.

हे मात्र गौसभाईंच्या जिव्हारी लागलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. नळ बंद झाला तर काय होईल, एवढा एकच विचार डोक्यात घोळत राहिला. पाण्याचं काही नाही, पाणी लोकांना कुठंही मिळेल. पण लोक आपल्याकडं कशाला येतील? आपल्याकडं दुसरं आहे काय?

मग त्यांनी ठरवलं की मॅडमला नळ दिसूच द्यायचा नाही. सोपं होतं. फिटरला हाताशी धरून नळ काढला, तोंडाला आटेवाला डट्टा, म्हणजे बूच, बसवला, त्यावर जुनी चिंधी गुंडाळून काजळी फासली. आडोशांत रिकामे ड्रम रचले, पडदे उतरवले. आणि सायरन झाल्यावर जमलेल्या लोकांना हात जोडून सांगितलं, "आता एक आठवडा कुणी हिकडं फिरकू नका. मॅडम गेल्या की पुन्हा आपलं राज्य."

लोकांना भारी गंमत वाटली. आख्खा कारखाना कटात सामील! कुणी म्हणालं आम्ही वास मारला तर जर्मनीपर्यंत जाईल, कुणी म्हणालं मॅडमच्या अंगावर अत्तर शिंपडा. नागव्वानं सांगितलं, "माझी एक बाळंतीण हाय, पण तिला मी चुलीवर तापवून देते, तुम्ही बिनघोर राहा." शाळेतली पोरं मास्तरला फसवायला निघावीत तशी सगळी हसत हसत पांगली.

पुण्याहून मोजायला आली तिचं नाव संस्कृती. तिला बघून गौसभाईंना वाटलं, ही कसली मॅडम, ही तर पोरगी. नाजनीनपेक्षा लहान. पाठीवर बॅग, पायात बूट, तोंडाला मास्क. पहिल्याच दिवशी तिनं भट्टीसमोर खुर्ची टाकली आणि म्हणाली, "काका, मी आठवडाभर तुमच्या डोक्यावर बसणार आहे. वैताग आला तर सांगा." काम असं की भट्टीत जाईल तो कोळसा आधी काट्यावर, मग आत. राख निघेल ती पुन्हा काट्यावर. वाफेच्या पाइपाला तिनं बाहेरून चिमट्यासारखं एक यंत्र लावलं, ते आतली वाफ मोजायचं. जुनी बिलं बघून का भागत नाही, असं गौसभाईंनी विचारलं, तर तिनं सांगितलं की शेठच्या दुसऱ्या, चादरीच्या कारखान्याचाही कोळसा त्याच बिलावर येतो. कुठला कुठं जळला ते कसं कळणार? म्हणून हा आठवडा.

दुपारी ती डबा तिथंच उघडायची. हॉटेलातली कोरडी पोळी आणि बटाटा. गौसभाईंना ते बघवेना. आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनी पुढं केली, आणि पोरगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट खात बसली. तिसऱ्या दिवशी तर तिनं स्वतःचा डबा उघडलाच नाही.

"मॅडम, एक इचारू? हा धूर निघतोय आमच्या चिमणीतनं. मग जर्मनीवाल्याला त्याची काय पडलीय?"

"काका, टॉवेल कोण वापरणार?"

"त्योच."

"मग तुम्ही कोळसा कुणासाठी जाळला? बघा, शेतात कापूस पिकला, गिरणीत सूत झालं, इथं विणलं, रंगवलं, मग बोटीत बसून टॉवेल तिकडं गेला. वाटेत जिथं जिथं धूर झाला, तो सगळा या टॉवेलाच्या अंगाला चिकटलेला आहे असं धरायचं. आतापर्यंत सगळे म्हणायचे, धूर ज्याच्या चिमणीतून निघाला त्याचा. तिकडचे लोक म्हणायचे, आमच्या देशात हवा किती छान! छानच असणार, त्यांच्या वस्तू सगळ्या इकडं बनतात. आता म्हणतात, वस्तू ज्यानं वापरली त्याच्या खात्यावरही तो धूर मांडून बघू या."

गौसभाईंना हे फारच आवडलं. "म्हंजी मी हितं खोकतोय ते जर्मनीच्या खात्यावर?"

"खोकला तुमच्याच खात्यावर, काका. धूर त्यांच्या," असं म्हणून ती हसली, आणि गौसभाईही हसता हसता खरंच खोकायला लागले.

खोकल्यावरून त्यांना पोर आठवली. नाजनीनच्या लहानपणी तिला दमा होता. रात्र रात्र सुगराबी तिला मांडीवर घेऊन बसायची, आणि आपण पाळीवरून आलो की कपडे बदलल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही असा तिचा हुकूम होता. वाढवलं इथं, जागलो इथं, आणि संसार शारजाला. त्यांनी हे संस्कृतीला सांगितलं नाही. पण ती त्यांच्याकडं बघत होती, आणि तिनं उगाच राखेच्या पाटीचं वजन पुन्हा एकदा केलं.

चौथ्या दिवशी ती लाइन तपासत तपासत मागच्या अंगाला गेली. गौसभाई फावडं टाकून मागोमाग गेले.

"काका, हा फाटा कुठं जातो?"

आता खरं म्हणजे सांगायची वेळ हीच होती. पोरगी भली होती, चटणी खाल्लेली होती, हसून बोलत होती. गौसभाईंच्या ओठावर आलंही. पण स्टोअरकीपरचे शब्द डोक्यात होते, आणि माणूस भ्यायला की समोरचा भला आहे की बुरा हे बघत नाही. ते म्हणाले, "जुनी लाइन हाय मॅडम. बंद पडलेली."

तिनं पाइपाला हात लावला. फाट्यात पाणी खेळत नव्हतं, म्हणून पाइप गार. तिनं लॅपटॉपवर काहीतरी टिपलं आणि पुढं गेली. गौसभाईंनी खांद्यावरच्या फडक्यानं घाम पुसला.

त्या आठवड्यातल्या संध्याकाळी मात्र काढवत नव्हत्या. संस्कृती पाच वाजता हॉटेलवर निघून जायची, पण तिचं यंत्र रात्रभर मोजत असायचं. मग सायरन व्हायचा, आणि लोक लांबूनच हात करून, डोळा मारून बसकडं जायचे. शिवप्पा लांबून साबण दाखवायचा आणि पोटावर हात फिरवून हसायचा. गौसभाई ड्रमांच्या शेजारी स्टुलावर बसून राहायचे. एका आठवड्याचा तर प्रश्न, असं स्वतःलाच समजवायचे.

आठवडा संपला. संस्कृती पाया पडून गेली. निकाल येईपर्यंत डट्टा काढायचा नाही असं गौसभाईंनी ठरवलं. महिन्याभरात निकाल आला आणि कारखान्यात पेढे वाटले गेले. टॉवेलामागं जेवढा धूर अपेक्षित होता त्याहून कमी निघाला होता. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं मोठी ऑर्डर दिली, पण एका अटीवर: हा आकडा यापुढं वाढता कामा नये. म्हणून कोळशाच्या काट्याला, वाफेच्या लाइनीला आणि माघारी येणाऱ्या पाण्याला कायमचे मीटर बसले, आणि दर महिन्याचा आकडा पुण्याला जायचा, तिथून जर्मनीला.

गौसभाईंना त्यातलं फार काही कळलं नाही. त्यांनी पेढा खाल्ला, त्याच संध्याकाळी डट्टा काढला आणि नळ बसवला. काय जल्लोष झाला म्हणता! लोकांनी गौसभाईंनाच उचलून आडोशात नेलं, अंगावर कपड्यांसकट पाणी ओतायला निघाले. सगळे धो धो आंघोळ करत होते, इतक्या दिवसांचं उट्टं काढत होते. शिवप्पानं तर कानडीत गाणं म्हटलं. त्या रात्री घरी जाऊन कुलूप काढताना गौसभाई स्वतःशी गुणगुणत होते.

पण मीटर काही मुका नसतो. महिना भरल्यावर मॅनेजर कागद नाचवत आला. वाफ तेवढीच, टॉवेल तेवढेच, मग कोळसा जास्त का? माघारी येणारं पाणी कमी का? हे मॅनेजर लोक एरवी बॉयलरकडं फिरकत नाहीत, पण त्या दिवशी फिटरला घेऊन त्यानं इंच न् इंच लाइन चाचपली. नळ सापडायला कितीसा वेळ लागणार? त्या वेळी दोघंजण साबण लावून आत उभे होते.

शेठ स्वतः आले. पिढीजात विणकर माणूस, त्यांचे वडीलसुद्धा मागावर बसलेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "गौसभाई, मॅडम आल्या तेव्हा हे बंद ठेवलं होतंत? म्हणजे आपण जर्मनीला जो आकडा दिला तो नळ बंद असतानाचा. आता तो नळ मी चालू कसा ठेवू, तुम्हीच सांगा."

नळ वाचवायला म्हणून तो लपवला, आणि लपवला म्हणूनच तो गेला. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि पाइपाचं तोंड कायमचं बंद करून गेला. लोक हळहळले. "सांगायचं हुतं की रे, गौसण्णा," शिवप्पा म्हणाला, पण रागानं नाही. आठ-दहा दिवसांनी मॅनेजरनं नोटीस लावली: आता आंघोळी नाहीत, तर बस सायरन झाल्या झाल्या सुटेल.

आणि संध्याकाळी बॉयलरमागं चिटपाखरू येईना. गौसभाई पाळी संपली तरी स्टूल टाकून बसायचे, सवय म्हणून. बसचा हॉर्न वाजायचा, धूळ उडायची, मग सगळं सामसूम. रविवारी नाजनीननं विचारलं, "अब्बा, आवाज ऐसा क्यूँ आ रा?" ते म्हणाले, "कुछ नै बेटा, सर्दी हुई." पोरीला काय सांगणार, नळ गेला म्हणून?

शेवटी एके दिवशी धीर करून त्यांनी संस्कृतीला फोन लावला. सगळं सांगितलं. डट्टा, काजळी, ड्रम, 'जुनी लाइन हाय' म्हणालो ते खोटं होतं, सगळं.

"काका, मला सांगायचं ना हो!" ती जवळजवळ रडवेली झाली होती. "आंघोळीचं पाणी मी टॉवेलाच्या अंगावर कशाला टाकलं असतं? जर्मनीचा माणूस थोडीच तुमच्या नळावर आंघोळ करतो? ते पाणी तुम्ही वापरता, त्याचा धूर तुमचा. त्याला वेगळा रकाना असतो. त्या नळाला एक छोटा मीटर लावला असता की विषय संपला असता."

वेगळा रकाना! एवढंच होतं? नुसतं 'हो, इथं लोक आंघोळ करतात' म्हटलं असतं तर नळ कायमचा राहिला असता, कागदोपत्री, उजळ माथ्यानं? त्या रात्री त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पण पोरगी खरंच भली. तिनं पिच्छा सोडला नाही. शेठला समजावलं, जर्मनीला लिहिलं, दिवाळीनंतर पुन्हा एक दिवस येऊन मोजमाप केलं. थंडी पडायला लागली तेव्हा कुठं मंजुरी आली. वेल्डिंग कापलं, नवा पितळी नळ आला, नळाच्या आधी घड्याळासारखा एक छोटा मीटर आला. शेठनी नारळ फोडला. गौसभाईंनी आडोशांना नवे पडदे शिवून घेतले, फरशी घासली, दोन नव्या बादल्या आणल्या. सायरनची वाट बघत ते स्टुलावर बसले.

सायरन झाला. शिवप्पा आला, त्याच्याबरोबर आणखी तिघं-चौघं आले. आंघोळ केली, "झकास, गौसण्णा!" म्हणाले, आणि ओल्या केसांनी बसकडं पळत सुटले, कारण बस आता थांबत नव्हती. मॅनेजरला सांगून बसची वेळ बदलून घेऊ, असं गौसभाई म्हणाले, तेव्हा शिवप्पा घुटमळला. मग खरं ते बोलला. "कसं सांगू गौसण्णा. आता सगळ्यास्नी लौकर घरला जायाची सवय लागलीय. बायका-पोरं वाट बघत्यात. चाळीच्या मालकानं वर सोलरबी बसवलाय. अर्धा तास थांबा म्हटलं तर लोक मलाच मारतील." नागव्वाकडं विचारलं तर तिच्या बाळंतिणींच्या घरी गिझर आले होते. तीसुद्धा ओशाळली. "येईन की एखाद दिवशी डबा घिऊन," म्हणाली, पण आली नाही.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हेच गौसभाईंना सगळ्यांत जड गेलं. भांडायला तरी कुणी हवं. लोक वाटेत भेटले की आधीसारखेच हसायचे, खांद्यावर हात टाकायचे, तब्येत विचारायचे. फक्त नळावर येत नव्हते. शिवप्पा आणखी दोन-तीनदा आला, मग त्याच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं, मग पाळी बदलली, मग राहिलंच.

संक्रांतीच्या सुमाराला संस्कृतीचा फोन आला.

"काका, आंघोळीच्या रकान्यात शून्य येतंय. मीटर अडकलाय का जरा बघता?"

"बघतो," गौसभाई म्हणाले.

"बघा प्लीज. कारण रकाना असाच रिकामा राहिला ना, तर ते लोक म्हणतील लाइन वापरात नाही, काढून टाका. मग मला पुन्हा काही करता येणार नाही."

मीटरला काय धाड भरली होती! मीटर चांगलाच होता. गौसभाई त्याच्यापुढं उभे राहिले, बोटानं काच पुसली, टिचकी मारून बघितली. आत काटा जिथं होता तिथं होता. सायरन झाला, बस गेली, दुसऱ्या पाळीचा माणूस भट्टीपुढं बसला. गौसभाईंनी शर्ट काढून खुंटीला अडकवला, नळाखाली बादली लावली आणि पडदा ओढला. इतकी वर्षं नळावर बसून त्यांनी सगळ्या कारखान्याला आंघोळी घातल्या, पण स्वतः तिथं अंगावर पाणी घ्यायची वेळ आली नव्हती. पाणी झकास होतं, लोक सांगायचे तसंच. पहिला तांब्या डोक्यावर ओतल्यावर त्यांना रडू फुटलं, आणि आत कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

तेव्हापासून त्यांनी एक संध्याकाळ चुकवली नाही.

महिन्यानं पुन्हा फोन आला. नेमका सायरन होऊन गेल्यावर. संस्कृतीचा आवाज खुशीत होता.

"काका, रकान्यात आकडा दिसायला लागला! अगदी थोडा आहे, पण रोज आहे. म्हणजे येतात ना लोक?"

"येतोय की. एक जण येतोय."

"एकच?"

"व्हय. पर रोज येतोय बघा. खाडा न्हाय."

"कोण हो? शिवप्पा काका?"

"न्हाय, न्हाय. हाय एक हितलाच. त्येच्या घरी कुणी न्हाय, म्हणून बसतोय जरा येळ."

"बरं झालं काका. एकानं भागतंय, रकाना राहील आता. आणि त्यांना म्हणावं, येताना अजून कुणाला तरी सोबत घेऊन या."

"सांगतो की," गौसभाई म्हणाले, आणि ओल्या डोक्यावरून त्यांनी पंचा फिरवला.